विरजण बिघडलं म्हणून कॅन्सर होतो का?

"डॉक्टर मॅडम, मी ४१ वर्षांची, बार्शी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. गावात तपासणी शिबिर झालं तेव्हा घरोघरी फिरून बायकांना मीच गोळा केलं आणि रिपोर्ट खराब आला तो माझाच. एचपीव्ही १६ पॉझिटिव्ह. कॉल्पोस्कोपीला बोलावलंय, त्याला दोन महिने झाले. मी गेले नाही. पुण्याच्या भाचीने मोबाइलवर माहिती पाठवलीय, की मायांगातले (योनीतले) चांगले जंतू कमी झाले की कॅन्सर होतो. त्यांची घरी करायची टेस्ट मिळते, कॅप्सूलही मिळतात. दोन्ही मिळून माझं बरंचसं मानधन त्यातच जाईल. वर्षभर मला अंगावरून पांढरं जातंय, वास येतो. जाऊबाई म्हणाल्या, स्वच्छता नसली की असंच होतं. तेव्हापासून मी रोज दोनदा औषधी लिक्विडने आतून धुते. आधी हे जंतू नीट करून घेऊन मग कॉल्पोस्कोपीला गेले तर चालेल का? घरी काय सांगू? आणि माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, तिलाही हे होईल का?"

ताई, कॉल्पोस्कोपीला, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड दुर्बिणीतून पाहायच्या तपासणीला, याच आठवड्यात जा. बाकीचं उत्तर एसटीत बसून वाचलंत तरी चालेल.

दोन महिने गेले म्हणून जीवाला घोर लावून घेऊ नका. एचपीव्ही हा गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू, पण तो पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक बायका-पुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी लागतोच. दहातल्या नऊ जणींच्या अंगातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींच्या गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. तिथून कॅन्सरपर्यंत पोचायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. म्हणून दोन महिन्यांचं एवढं काही नाही. पण तुमचा प्रकार १६ नंबरचा आहे. १६ आणि १८ या दोघांमुळे गर्भाशयमुखाचे, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचे, सुमारे ७० टक्के कॅन्सर होतात. शिवाय विषाणू तुमच्या अंगात गेल्या वर्षी आला की दहा वर्षांपूर्वी, हे रिपोर्टवरून कळत नाही. पेशी कुठवर बदलल्यात ते प्रत्यक्ष पाहावंच लागतं, आणि कॉल्पोस्कोपीत तेच करतात.

आता भाचीने पाठवलेलं. त्यात तथ्य आहे, म्हणूनच मला ते सविस्तर सांगायचंय. अर्धी खरी गोष्ट माणसाला जास्त फिरवते.

दुधाला विरजण लावलं की त्यातले जंतू दुधातली साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दही आंबट होतं, आणि त्या आंबटपणात दूध नासवणाऱ्या जंतूंचं फारसं चालत नाही. मायांगातही हेच चालतं. तिथली साखर वेगळी. पाळी सुरू झाल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे मायांगाच्या अस्तरातल्या पेशींमध्ये ग्लायकोजेन साठतं. ते फुटलं की त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू जगतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दह्यात असतं तेच आम्ल. निरोगी मायांगाचा सामू (पीएच, हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ३.८ ते ४.५ असतो, म्हणजे दह्याइतका किंवा त्याहून जरा जास्तच आंबट. आल्बर्ट ड्योडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने १८९२ मध्येच या जंतूंचं वर्णन केलं होतं. आमच्या शिक्षणात त्यांची ओळख अजून त्याच्या नावाने होते.

अलीकडे जनुकांवरून जंतू ओळखता यायला लागले, तेव्हा कळलं की हे विरजण सगळ्यांचं एकसारखं नसतं. २०११ मध्ये अमेरिकेत काहीही तक्रार नसलेल्या ३९६ बायकांचे नमुने तपासले. बहुतेकींमध्ये चार प्रकारच्या लॅक्टोबॅसिलसपैकी एकाचं राज्य होतं. पण २७ टक्के बायकांमध्ये लॅक्टोबॅसिलस कमी आणि दुसऱ्याच जंतूंची सरमिसळ होती, आणि त्या बायका ठणठणीत होत्या. टेस्टच्या कागदावर "चांगले जंतू कमी" असं लाल अक्षरांत छापून येतं, तेव्हा या बायका आठवाव्यात. आणखी एक. २०१२ च्या एका अभ्यासात ३२ बायकांचे नमुने आठवड्यातून दोनदा असे सोळा आठवडे घेतले. काहींमध्ये तेच जंतू महिनोन्‌महिने टिकून होते, तर काहींमध्ये पाळी आली, संबंध आला की चार दिवसांत सगळं चित्र पालटायचं. मग एका दिवशी एक काडी फिरवून केलेल्या टेस्टवर किती भरवसा ठेवायचा?

आता कॅन्सरशी संबंध. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की गर्भाशयमुखाच्या पेशींमधला बदल जितका पुढचा, तितके लॅक्टोबॅसिलस कमी आणि सरमिसळ जास्त. याच गटाने २०२० मध्ये मधल्या पायरीचा बदल असलेल्या तरुण मुलींना उपचार न देता नजरेखाली ठेवलं. ज्यांच्याकडे लॅक्टोबॅसिलसचं राज्य होतं, त्यांचा बदल वर्षभरात आपोआप मागे फिरण्याचं प्रमाण जास्त निघालं. ते का, याचाही थोडाफार अंदाज आहे. क्रिस्पॅटस नावाचा लॅक्टोबॅसिलस घट्ट विरजणासारखा, आम्ल भरपूर करणारा. इनर्स नावाचा त्याचा भाऊबंद ढिला, तो असला तर दुसऱ्या जंतूंना शिरकाव करायला सोपं जातं. सरमिसळीतले काही जंतू गर्भपिशवीच्या तोंडावरचा चिकट थर विरघळवतात. तो थर म्हणजे तिथला पहारा. पहारा सुटला, वर सतत दाह राहिला, की विषाणूला टिकून राहायला बरं पडतं.

पण ताई, इथे थांबून विचार करायला हवा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच हे आहे का? नाही, त्याहून जास्त आहे. पण विरजण बिघडलं म्हणून विषाणू टिकला, की विषाणूने पेशी बदलल्या म्हणून विरजण बिघडलं, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. कॅन्सर झालेल्या जागेतून रक्त येत असेल तर रक्ताचा सामू ७.४, तेवढ्यानेही आंबटपणा जातो आणि जंतू बदलतात. जठराची गोष्ट वेगळी. तिथे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू स्वतःच कॅन्सरचं कारण ठरलाय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्ये तसा शिक्का मारला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये मूळ गुन्हेगार एचपीव्ही. हे शोधणारे हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. जंतूंचं काम इथे जमिनीचं आहे. बी पडल्याशिवाय नुसती जमीन काही उगवत नाही.

गर्भपिशवीच्या अस्तराच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरबद्दलही असे अभ्यास आलेत. अमेरिकेत अस्तराच्या कॅन्सरच्या रुग्णांत काही ठरावीक जंतू आणि कमी आंबट मायांग एकत्र दिसले. युरोपात अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या, आणि बीआरसीए १ या जनुकात दोष असलेल्या पन्नाशीच्या आतल्या बायकांत लॅक्टोबॅसिलस कमी आढळले. उपचार बदलावा एवढं त्यातून अजून हाती आलेलं नाही. तुमचा त्याच्याशी संबंधही नाही.

मग कॅप्सूल? क्रिस्पॅटसचाच एक वाण औषधासारखा तयार करून अमेरिकेत २२८ बायकांवर नीट चाचणी झाली, २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना आधी मायांगातल्या जंतुसंसर्गाचं नेहमीचं औषध दिलं, मग काहींना हे जंतू आणि काहींना नुसती पावडर. बारा आठवड्यांत संसर्ग परत आला तो जंतू मिळालेल्या ३० टक्के बायकांना आणि नुसती पावडर मिळालेल्या ४५ टक्के बायकांना. फायदा आहे, आणि मला त्याचा आनंद आहे, कारण परत परत होणाऱ्या संसर्गाने बायका पिचून जातात. पण ती चाचणी संसर्गाची होती. एचपीव्ही जातो का, कॅन्सर टळतो का, हा प्रश्न त्यात नव्हताच. आणि ते जंतू जागेवर ठेवायचे होते, गिळायचे नव्हते. दुकानातल्या कॅप्सूलमध्ये बहुधा दुसरेच वाण असतात. घरचं दही खा, ताक प्या, पोटाला बरंच आहे. पण दही जागेवर लावू नका. विरजणातले जंतू आणि तिथले जंतू एकाच घराण्यातले असले, तरी दह्यातल्यांना तिथे घर करता येत नाही. मानधन त्या टेस्टवर आणि कॅप्सूलवर घालवू नका. एसटीचं भाडं, गरज पडली तर तुकड्याची तपासणी (बायोप्सी) आणि त्या दिवशीचा बुडालेला पगार, हा खर्च आधी.

तुमच्या पांढऱ्या जाण्याकडे वळते, कारण मला त्याची कॅप्सूलपेक्षा जास्त काळजी आहे. तुम्ही वर्षभर सोसलंत. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, तुमच्याच वयाच्या. त्यांनी पिशवीतून आठ-दहा मलमांच्या नळ्या काढून टेबलावर मांडल्या. काही अर्ध्या, काही पिळून चपट्या केलेल्या. दोन वर्षं त्या मेडिकलमधून "पांढऱ्यासाठी द्या" म्हणून नेत होत्या. मध्ये तीन ठिकाणी दाखवलं होतं. कुणीही एकदासुद्धा टेबलावर झोपवून आत पाहिलं नव्हतं. मी पाहिलं तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाला हात लावताच रक्त येत होतं. तुमचं तसं असेल असं मी म्हणत नाही. पांढरं जाण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते साधं आहे हे ठरवता येत नाही. पांढऱ्याबरोबर संबंधानंतर रक्त दिसत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये लाल जात असेल, किंवा पाणी घाण वासाचं आणि लालसर असेल, तर हे तिथल्या डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.

तुम्ही लिहिलेल्या वासावरून मला बॅक्टेरिअल व्हजायनोसिसची शंका येते. मासळीसारखा वास, पातळ पांढरट स्राव, संबंधानंतर किंवा पाळीच्या सुमारास जास्त. त्यात लॅक्टोबॅसिलस हटलेले असतात आणि दुसरे जंतू माजलेले. तपासणी सोपी आहे. सामू बघायची कागदाची पट्टी लागते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक काच. औषध मेट्रोनिडाझोल, ते सरकारी दवाखान्यातही मिळतं. तुमच्या "जंतू नीट करून घेऊ का"चं उत्तर हे आहे, आणि ते कॉल्पोस्कोपीच्याच खेपेत होऊन जाईल.

धुणं आजच बंद करा. आतून धुणाऱ्या बायकांत हाच संसर्ग जास्त दिसतो. आंबट जागेवर रोज दोनदा काहीतरी ओतलं की आम्लही जातं आणि आम्ल करणारे जंतूही जातात. कुठल्याही लिक्विडवर सामू बरोबर असल्याचं छापलेलं असलं, तरी आतून धुण्याची गरज नाही. मायांग स्वतःला स्वच्छ ठेवतं. बाहेरून साधं पाणी पुरतं. साबण लागलाच तर थोडा, आणि तोही बाहेरूनच.

आणि जाऊबाईंचं ते वाक्य. ताई, तुमच्या पत्रात हे वाक्य सगळ्यात जड आहे, कारण धुणं तिथूनच सुरू झालं आणि मला वाटतं दोन महिने न जाणंही तिथूनच आलं. एचपीव्ही अस्वच्छतेने होत नाही. तो त्वचेला त्वचा लागून, शरीरसंबंधातून येतो. रोज दोनदा अंघोळ करणारीलाही येतो. संसर्गाचंही तेच. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी हा संसर्ग असलेल्या बायकांबरोबर त्यांच्या नवऱ्यांनाही गोळ्या आणि लावायचं मलम दिलं. बारा आठवड्यांत तो परत आला ३५ टक्के जोडप्यांमध्ये. फक्त बायकोलाच औषध दिलेल्या गटात हे प्रमाण ६३ टक्के होतं. इतका फरक दिसला की ती चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. इतकी वर्षं आपण बाईलाच धुवायला सांगत होतो, तिलाच औषध देत होतो, आणि परत झालं की तिचंच काहीतरी चुकलं असं म्हणत होतो. मी स्वतः कितीतरी जणींना फक्त त्यांच्याच नावाची चिठ्ठी लिहून दिली आहे. आता संसर्ग परत आला की मी नवऱ्यालाही बोलावते.

कॉल्पोस्कोपीत काय होतं ते सांगते, म्हणजे टेबलावर धास्ती वाटणार नाही. पाळीचे दिवस टाळून जा. आदल्या दिवशी संबंध नको, मलम नको. टेबलावर झोपल्यावर स्पेक्युलम, म्हणजे आतलं दिसावं म्हणून मायांग उघडं धरणारं साधन, घालतात, ताण जाणवतो, खोल श्वास घेऊन कंबर सैल सोडली की कमी होतो. कॉल्पोस्कोप म्हणजे स्टँडवर उभी असलेली दुर्बीण, ती बाहेरच राहते. आधी व्हिनेगरसारखं पातळ आम्ल कापसाने लावतात. थोडं चुरचुरतं. मिनिटभर थांबल्यावर बदललेल्या पेशींचा भाग पांढरा दिसायला लागतो. मग आयोडीन लावतात, आणि इथे मला दर वेळी नवल वाटतं. निरोगी पेशींमध्ये ग्लायकोजेन असतं, ते आयोडीन शोषून घेतं आणि सगळा भाग गडद तपकिरी होतो. बदललेल्या पेशींमध्ये ते नसतं, म्हणून तेवढाच चट्टा मोहरीच्या फुलासारखा पिवळा राहतो. ज्या साखरेवर तुमचे चांगले जंतू जगतात, तीच साखर बदललेली जागा दाखवून देते. त्या जागेत चिमटीएवढा तुकडा घेतात, चिमटा बसल्यासारखं दुखतं. नंतर दोन-तीन दिवस थोडा डाग लागेल.

पेशी बदललेल्या निघाल्या तर बहुतेकदा पिशवी काढावी लागत नाही. तेवढा भाग गरम सळीने जाळतात, किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढतात. त्याच दिवशी घरी.

तुम्ही बार्शीच्या आहात म्हणून एक सांगायलाच हवं. तुमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संस्था यांनी मिळून तो केला. २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. ज्या गावांना तपासणी मिळाली नाही त्यांच्यावर अन्याय झाला, अशी टीका पुढे झाली, आणि ती रास्तच होती. पण आज जगभर ३५ आणि ४५ व्या वर्षी एचपीव्ही तपासा असं सांगतात, त्यामागे तुमच्या भागातल्या बायकांचा वाटा आहे. आणि मृत्यू निम्म्यावर आले, कारण पॉझिटिव्ह आलेल्या बायका पुढच्या तपासणीला आल्या. नुसत्या रिपोर्टने कुणी वाचलं नाही.

मुलीचं सोपं आहे. तुमचा विषाणू तिला वारशाने मिळत नाही. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने लशीचे दोन डोस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून आहे, ती १६ आणि १८ दोन्हींवर काम करते. या वर्षीच देऊन टाका. तुम्ही मिश्री लावत असाल तर तीही सोडा. सिगारेट ओढणाऱ्या बायकांत हा कॅन्सर जास्त होतो, आणि मिश्री तंबाखूचीच.

घरी नवऱ्याला सांगा, "शिबिरात तपासलं, पुढची तपासणी सांगितलीय, बार्शीला जाऊन येते." विषाणू कुणाकडून, कधी आला हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. तो वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. त्यावरून घरात कुणी कुणावर संशय घेऊ नये, हे मी तुम्हालाही सांगते आणि हे पत्र त्यांनी वाचलं तर त्यांनाही.

जाऊबाई शिबिराला आल्या होत्या का? तुम्ही तसं लिहिलेलं नाही. आल्या नसतील तर सोबत त्यांनाच घेऊन जा. तुम्ही आत असताना बाहेर कुणीतरी बसायला हवं, आणि तुमचं झालं की त्यांच्या तपासणीचंही तिथेच विचारता येईल. जाताना शिबिराचा रिपोर्ट, आधार कार्ड आणि एक पॅड पिशवीत टाका. तुकडा घेतला तर त्याचा रिपोर्ट कधी मिळेल ती तारीख केसपेपरवर लिहून घ्या, आणि रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा.